खांबटाक्यातली हाक

एका गडावर एक ताकवाली बसायची. गड जुना होता, तट ठिकठिकाणी ढासळलेला, पण वरचा दरवाजा अजून शाबूत होता. त्या दरवाजाच्या आत डाव्या हाताला करंजाचं एक झाड होतं. झाडाखाली तिची जागा. पायथ्याच्या गावातून ती रोज सकाळी ताकाची कळशी डोक्यावर घेऊन चढायची आणि उन्हं कलली की रिकामी कळशी घेऊन उतरायची. कळशीभोवती ओलं फडकं गुंडाळलेलं असायचं. फडकं वाळलं की ताक आंबतं, म्हणून घटकेघटकेला ती त्यावर पाणी शिंपायची.

गड चढून माणसं यायची, ताक प्यायची आणि विचारायची, "मावशी, या गडावर भूत आहे म्हणतात, खरं का?"

"आहे की," ताकवाली म्हणायची. "बसा. सांगते."

झाडापासून शंभर पावलांवर कातळात खोदलेलं एक टाकं होतं. आत चार दगडी खांब, म्हणून त्याला खांबटाकं म्हणत. सात पायऱ्या, शेवटच्या दोन पाण्यात बुडालेल्या, आणि पुढं काळंशार, गार पाणी. त्या टाक्यात एक बाई राहते, असं सगळं गाव मानायचं. दुपारी कधीतरी तिची हाक ऐकू यायची. टाक्याच्या पोटात आवाज घुमायचा आणि झाडापर्यंत येईतो त्याचे शब्द एकमेकांत मिसळून जायचे. नुसतं "अगंऽऽ" असं काहीतरी उरायचं.

ताकवालीनं सासूकडून ऐकली तेव्हा ही गोष्ट फार लहान होती. टाक्यात एक बाई आहे आणि ती हाक मारते, एवढीच. पण सांगता सांगता गोष्ट वाढली. एका उन्हाळ्यात बाईचे केस गुडघ्यापर्यंत आले. पुढच्या वर्षी तिला नखं फुटली. मग तिच्या बांगड्या पाण्याखाली वाजायला लागल्या, आणि एका गारठ्याच्या सकाळी, समोर चार तरणी पोरं भेदरून बसलेली पाहून, ताकवालीनं तिचे पाय उलटे करून टाकले. पोरांच्या घशाला कोरड पडली. प्रत्येकजण दोन-दोन पेले ताक प्यायला.

गोष्टीच्या शेवटी ती एक गोष्ट मात्र न चुकता सांगायची. "तिनं हाक मारली तर ओ द्यायची नाही. कानांवर हात ठेवायचे, मागं बघायचं नाही, सरळ चालत सुटायचं."

हे तिनं रचलेलं नव्हतं. गावाची रीतच तशी होती. भूत एकदाच हाक मारतं, दुसऱ्यांदा त्याला मारता येत नाही, म्हणून पक्क्या खात्रीसाठी तिसरी हाक आल्याशिवाय ओ द्यायची नाही, असं तिथं पाळण्यातल्या पोरालाही शिकवत. त्यामुळे गावात रोज कुणाचं तरी दूध उतू जायचं, कारण सासूनं दोनदा हाक मारली तरी सून तिसऱ्या हाकेची वाट बघत बसायची. पोस्टमन हुशार होता. तो दारात उभा राहून एका दमात तीनदा नाव घ्यायचा आणि मग पत्र काढायचा.

रीत पडायला कारणही घडलं होतं. ताकवालीच्या आठवणीत दोन माणसं त्या टाक्यात गेली होती. एक गवत कापणारी बाई आणि एक शेळ्या राखणारा म्हातारा. दोन्ही वेळा लोकांनी आधी हाक ऐकली होती आणि मग धप्प असा आवाज. हाक आली आणि माणूस गेलं, तेव्हा हाकेनंच नेलं, यात कुणाला शंका वाटली नाही.

एका वैशाखात गडावरचं दुसरं छोटं टाकं आटलं. ताकवाली फडक्यावर शिंपायला तिथूनच पाणी आणायची. दुपारपर्यंत फडकं कोरडं ठणठणीत झालं. आता खांबटाक्याखेरीज पाणी कुठं नव्हतं. तिनं देवाचं नाव घेतलं, ताकाची कळशी कुणी चोरू नये म्हणून डोक्यावर घेतली, पाणी आणायचा रिकामा हंडा कमरेवर घेतला आणि पायऱ्या उतरायला लागली.

चौथ्या पायरीवर होती तेव्हा हाक आली.

तिचे दोन्ही हात गुंतले होते. एक कळशीला, एक हंड्याला. कानांवर ठेवायला हातच नव्हता. त्यामुळे त्या गावात आजवर कुणीच न ऐकलेली गोष्ट तिनं ऐकली, म्हणजे ती हाक पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"अगं, डावीकडं शेवाळ आहे, पाय जपून टाक."

आवाज साधा होता. नळावर पुढं उभी असलेली बाई मागच्या बाईला सांगते, तसा. ताकवाली जागच्या जागी थांबली. तिनं खाली पाहिलं. तिचा डावा पाय पाचव्या पायरीवर टेकायला चार बोटं उरली होती. ती पायरी डाव्या अंगाला झिजून उतरती झाली होती आणि तिच्यावर शेवाळाचा हिरवा थर चकाकत होता. त्याच्यापुढं पायऱ्या दिसत नव्हत्या, नुसतं पाणी दिसत होतं, दोन पुरुष खोल.

तिनं पाय मागं घेतला. पाणी न भरताच ती वर आली. त्या दिवशीचं ताक आंबलं.

घरी आल्यावर तिला सारी रात्र एकच विचार पुरला. गवत कापणारी बाई कानांवर हात ठेवूनच उतरली असेल. कानांवर हात असले की तोल सावरायला हात राहत नाहीत. म्हाताऱ्यानं मागं पाहिलं नसेल, सरळ चालत सुटला असेल. आणि सरळ पुढं तर ती पाचवी पायरी.

उद्या सगळ्यांना सांगू, असं तिनं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मुंबईकडची माणसं आली आणि म्हणाली, "मावशी, त्या नखांच्या हडळीची गोष्ट सांगा. मुद्दाम ऐकायला आलोय." त्यांच्यासमोर नखं काढून घेणं तिच्या जिवावर आलं. तिसऱ्या दिवशी गावातली चार माणसं बसली होती. टाक्यातल्या बाईनं तुझ्याशी बोलणं केलं म्हणजे तुलाच धरलं, असं ती म्हणतील, हे तिला ठाऊक होतं. मग सोमवार गेला, मंगळवार गेला. तिनं नखं थोडी आखूड केली, बांगड्या काढल्या, पण खरी गोष्ट काही ओठांवर आली नाही. असा महिना गेला, पाऊस आला, पाऊस गेला. पायरीवरचं शेवाळ जाड झालं.

दिवाळीनंतर एका शाळेची सहल आली. चाळीस मुलं आणि त्यांच्या शिकवणाऱ्या बाई. मुलं करंजाखाली गोल करून बसली.

"मावशी, भुताची गोष्ट."

"दुसरी सांगू का? कोल्ह्याची?" ताकवाली म्हणाली.

"कोल्ह्याची आम्हाला येते," मुलं म्हणाली. "आमच्या आधी आलेल्या वर्गाला तुम्ही हडळीची सांगितली होती. मावशी तुम्हाला ती ऐकवणार नाहीत, असं त्यांनी आम्हाला चिडवलंय."

ताकवालीनं सांगितली. मुलं एकमेकांना चिकटली, ते पाहून तिला सवयीनं बरंही वाटलं. आणि सवयीनंच शेवट तोंडातून गेला. "हाक आली तर कानांवर हात ठेवायचे, मागं बघायचं नाही, सरळ चालत सुटायचं."

त्या मुलांत एक दोन वेण्यांची मुलगी होती. फार ऐकणारी, सांगितलेलं जसंच्या तसं करणारी. तिची पाण्याची बाटली संपली होती. बाई हजेरी घेत होत्या, मुलं गडबड करत होती. मुलगी बाटली घेऊन पाणी शोधत निघाली आणि तिला टाक्याच्या पायऱ्या दिसल्या.

ताकवाली कळशी उचलून कमरेवर घेत होती. तेवढ्यात हाक आली. घुमलेली, शब्द विरघळलेली. "अगंऽऽ."

मुलं किंचाळून कानांवर हात ठेवून बसली. ताकवालीनं टाक्याकडं पाहिलं. उन्हात दोन वेण्या पायऱ्यांवरून खाली चालल्या होत्या. दोन्ही हात कानांवर. मान ताठ. सरळ.

"अगं पोरी, थांब," ताकवाली ओरडली. पण जी टाक्यातल्या बाईचं ऐकत नव्हती ती हिचं कुठून ऐकणार?

ताकवाली पळत सुटली. कळशी कमरेवरच राहिली. ताक तिच्या लुगड्यावर, वाटेवर, दगडांवर सांडत गेलं. ती पायऱ्यांपाशी पोचली तेव्हा धप्प आवाज होऊन गेला होता. पाण्यावर एक वेणी दिसली, मग एक हात.

ताकवालीला पोहता येत नव्हतं. तिनं उरलेलं ताक ओतून दिलं, कळशीभोवतीचं फडकं सोडून घेतलं आणि रिकामी कळशी उपडी करून त्या हातापाशी टाकली. "कळशीला मिठी मार. हातपाय झाडू नको. कळशी बुडत नाही, तूही बुडणार नाहीस."

आता मुलीचे कान मोकळे होते. तिनं ऐकलं. कळशी पोटाशी धरून ती तरंगत राहिली. ताकवाली चौथ्या पायरीवर पालथी पडली, पाय मागं वरच्या पायरीला अडकवले, आणि फडक्याचं एक टोक मुलीकडं फेकलं. दुसरं टोक तिनं मनगटाला गुंडाळलं होतं. एक हात, दोन हात, तीन हात, असं ओढत ओढत तिनं मुलीला कोरड्या पायरीवर घेतलं.

मुलगी खोकली, पाणी ओकली आणि मग कुडकुडत म्हणाली, "मावशी, मी मागं नाही बघितलं. तुम्ही सांगितलं तस्संच केलं."



बाई धावत आल्या, त्यांच्यामागं मुलं, मुलांमागं गडावर आलेले गावातले दोघे-तिघे. सगळे एकदमच बोलायला लागले. "हडळीनं ओढलं. आम्ही हाक ऐकली. मावशींनी हडळीच्या हातातून सोडवून आणली." बाईंनी ताकवालीचे हात धरले आणि म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून पोर वाचली."

ताकवालीनं आता नुसतं गप्प बसलं तरी पुरे होतं. गप्प बसली असती तर ती त्या दिवसापासून गावात देवमाणूस झाली असती, आणि तिच्या गोष्टीला खुद्द तिचाच पराक्रम जोडला गेला असता.

"हडळीनं ओढलं नाही तिला," ताकवाली म्हणाली. "तिनं तर थांब म्हणून सांगितलं. पोरीला पाण्यात मी घातलं."

आणि तिनं सगळं सांगितलं. वैशाखातली दुपार, शेवाळ, ऐकलेली हाक, आणि त्यानंतर रोज उद्यावर ढकललेलं खरं बोलणं. बाईंनी तिचे हात सोडले. ओली मुलगी तेवढी तिच्याकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ताकवाली ताक न घेताच गड चढली. दोन्ही हात मोकळे होते, तरी तिनं ते खाली सोडले आणि पायऱ्या उतरली. चौथ्या पायरीवर हाक आली. "अगं, डावीकडं शेवाळ आहे, पाय जपून टाक."

"ओ," ताकवाली म्हणाली.

टाक्यातलं पाणी थरथरलं. मग अगदी जवळून आवाज आला, "ओ दिलीस?"

"दिली. पण तुला तर दुसऱ्यांदा बोलता येत नाही म्हणतात."

"बोलायला श्वास लागतो. तो माझ्यापाशी नाही. दिवसरात्र या खांबांमधून फिरणारा वारा गोळा करते, तेव्हा कुठं एक हाक होते. तुझ्या ओमध्ये श्वास होता. त्यावर एवढं बोलले." आवाज विरत गेला.

ताकवाली गोष्टी सांगणारी बाई होती. समोरच्यानं हुंकार दिला नाही तर गोष्ट पुढं सरकत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ती पायरीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "हं."

त्या एका हुंकारावर थोडी गोष्ट पुढं गेली. गडावर माणसं नांदत होती तेव्हा मी या टाक्याची राखणदार होते, आवाज म्हणाला. पाणी भरायला येणाऱ्या बायकांना मी पायरी सांगायचे.

"हं."

एक जण माझी मैत्रीण होती. एके दिवशी आमचं भांडण झालं. कशावरून झालं, ते आता आठवतही नाही.

"हं."

दुसऱ्या दिवशी ती पाण्याला आली. तिचा पाय डावीकडं चालला होता. मला दिसत होतं. आधी ती बोलेल मग मी बोलेन, असं मनात धरून मी गप्प बसले, आणि ती पाण्यात गेली.

ताकवालीनं याही वेळी हुंकार दिला.

"तेव्हापासून हाक मारते आहे, मेल्यावरही तीच," आवाज म्हणाला. "कुणी थांबत नाही. कानांवर हात ठेवतात आणि पुढं जातात. माझ्या हाकेनंच जातात की काय, असं मलाही वाटायला लागलं होतं."

"तुझ्या हाकेनं नाही गेले," ताकवाली म्हणाली. "आमच्या हातांनी गेले. तुझं नाव काय, बाई?"

"गोजरा."

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. नखं, केस, उलटे पाय, सगळं दिलं होतं लोकांनी तिला, एक नाव तेवढं घेतलं नव्हतं.

संध्याकाळी ताकवाली चावडीवर गेली. माणसं जमली होतीच, कालची बातमी पसरली होती.

"काय गं," पाटील म्हणाले, "आता भुताची बाजू घ्यायला लागलीस म्हणे?"

"बाजू नाही घेत, पाटील. निरोप सांगायला आले. टाक्याच्या पाचव्या पायरीवर डावीकडं शेवाळ आहे. गडावर माणसं नांदत होती तेव्हापासून एक बाई हेच सांगतेय."

"आणि आम्ही हे खरं मानायचं? कालपर्यंत तूच तिला नखं लावत होतीस."

लोक हसले. ताकवालीही कसनुशी हसली. "लावत होते खरी. म्हणून तर माझ्यावर विश्वास ठेवू नका. उद्या दुपारी वर चला आणि हात खाली सोडून उभे राहा. एवढंच मागते."

दुसऱ्या दिवशी अकरा माणसं आली. पाटील पाटीलकीच्या लाजेनं सर्वांत पुढं चौथ्या पायरीवर उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात धोतराच्या सोग्यात घट्ट धरून ठेवले होते, वर जाऊ नयेत म्हणून. हाक आली. अकराही जणांनी ती शेवटपर्यंत ऐकली. मग पाटलांनी खाली, आपल्या डाव्या पायाकडं पाहिलं. त्यांच्या भावाची बायको गवत कापायला इथंच आली होती.

"ओ, बाई," ते हलक्या आवाजात म्हणाले. "ऐकलं."

त्याच आठवड्यात गावातल्या पाथरवटानं छिन्नी घेऊन पाचवी पायरी सपाट केली आणि तिच्यावर घाव घालून ती खरखरीत केली. दर अमावास्येला शेवाळ खरवडायची पाळी घराघराला लावून दिली. हाक आणखी काही दिवस ऐकू आली, मग बारीक होत गेली. एका दुपारी ताकवाली पायरीवर जाऊन उभी राहिली आणि हाक आलीच नाही. खांबांमधून नुसता वारा फिरत होता. ती बराच वेळ थांबली. मग तिनं आपणहून "ओ" म्हटलं आणि वर आली.

ताकवाली अजून करंजाखाली बसते. टाक्याकडं कुणी वळलं की ती बसल्या जागेवरून हाक घालते, "पाचव्या पायरीवर जपून." समोरून ओ आली नाही तर उठून मागं जाते. मुलं भुताची गोष्ट मागतात, तेव्हा ती गोजराची गोष्ट सांगते, पण हुंकार दिल्याशिवाय पुढं सरकत नाही. दोन वेण्यांची ती मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा सहलीला आली, तेव्हा सगळ्यांत मोठा हुंकार तिचाच होता.

गावात आता पहिल्याच हाकेला ओ देतात. दूध अजूनही उतू जातं, कारण त्याला भूत लागत नाही. पोस्टमन मात्र जुन्या सवयीनं तीनदाच नाव घेतो, आणि दारादारातून लोक त्याला तीनदा ओ देतात.

तात्पर्य: आपल्याला दिसलेला धोका उद्यावर न ढकलता आजच सांगावा, आणि हाक मारणाऱ्याला भिण्याआधी तो काय म्हणतो, ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावं.